आठ गोळ्या आणि मधली उसंत

माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर वाढत टोकापर्यंत पोहोचायला जवळजवळ पाच महिने लागले. अमेरिकेतल्या नेमबाजांमध्ये या दुखापतीला 'एम-वन थंब' असे खास नाव आहे, आणि ज्याला ती कधीच झाली नाही त्याने एम-वन रायफल मनापासून हाताळलेलीच नाही, असे थट्टेने म्हटले जाते. मला ती रेंजवर झाली नाही. घरी, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रिकामी रायफल पुसत असताना मी बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग, मागे ओढला, तो मागेच अडकून राहिला, आणि आतली पट्टी दाबून तो बंद करावा म्हणून मी अंगठा आत घातला. त्या वेळी तळहाताच्या कडेने बोल्टची मूठ मागे रोखून धरायची असते. हे मला माहीत होते, इतकेच नव्हे तर आदल्याच आठवड्यात मी ते दुसऱ्या एकाला समजावून सांगितले होते. क्षणात बोल्ट पुढे आला. ज्या घाईसाठी हे यंत्र घडवले होते ती घाई सत्तर वर्षांनंतरही त्या स्प्रिंगमध्ये शाबूत होती.

रायफल एम-वन गॅरंड आहे. अमेरिकेच्या सैन्याने ती १९३६ साली स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धात पायदळाच्या सर्वसाधारण शिपायाच्या हाती अर्धस्वयंचलित, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप भरणारी, रायफल देऊ शकलेले ते एकच मोठे सैन्य होते; बाकीचे देश बहुतांशी हाताने बोल्ट ओढायच्या रायफली घेऊनच लढले. १९५७ सालापर्यंत अशा सुमारे ५४ लाख रायफली तयार झाल्या. वजन साडेनऊ पौंड, म्हणजे आमच्या इंडियन स्टोअरमधल्या दहा पौंडांच्या कणकेच्या पिशवीपेक्षा किंचित कमी. फरक एवढाच, की कणकेची पिशवी खांद्याला लावून, श्वास रोखून, हातभर पुढे तोलून धरावी लागत नाही.

ती मी २०१४ सालच्या उन्हाळ्यात ओहायोतल्या कॅम्प पेरी येथे विकत घेतली. ईरी सरोवराच्या काठावरच्या या लष्करी तळावर १९०७ सालापासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात, आणि महायुद्धाच्या काळात येथेच इटालियन आणि जर्मन युद्धकैदी ठेवले होते. विकणारी संस्था सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही. सामान्य नागरिकाला नीट नेम धरता येत असेल तर युद्धाच्या वेळी तयार माणसे मिळतील, या हिशेबाने अमेरिकी सरकारने १९०३ साली जे काम सुरू केले त्याचा हा आजचा अवतार. १९९६ साली संसदेने कायदा करून ते सरकारी खात्याकडून एका ना-नफा संस्थेकडे सोपवले. सैन्यातून बाद झालेल्या, किंवा डेन्मार्क, ग्रीस अशा मित्रदेशांना दिलेल्या आणि तिथून परत आलेल्या गॅरंड ही संस्था दुरुस्त करून, प्रतवारी लावून विकते. मी घेतली तेव्हाचा नियम असा: घेणारा अमेरिकेचा नागरिक हवा, तो संलग्न नेमबाजी क्लबचा सभासद हवा, त्याने नेमबाजी केल्याचा पुरावा हवा आणि पार्श्वभूमीची तपासणी निर्वेध पार पडायला हवी. मी नागरिक होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. शपथ घेताना मनात आलेल्या गोष्टींत रायफल अर्थातच नव्हती.

दुकानात रायफलींच्या रांगा लागलेल्या होत्या आणि माणसे लग्नाच्या बस्त्याला साड्या उलगडाव्यात तशी एकेक उचलून, उजेडाकडे धरून, नळीत डोकावून परत ठेवत होती. कोणी लाकडाचा पोत पाहत होते, कोणी नळीच्या दोन्ही टोकांची झीज मोजायची गेज घालून आकडा पुटपुटत होते. मी दोन तासांनी जी निवडली ती दिसायला साधारणच होती. तिच्या मुख्य सांगाड्यावर, म्हणजे रिसीव्हरवर, स्प्रिंगफील्ड आर्मरीचे नाव आणि क्रमांक आहे. त्या क्रमांकावरून तो १९४३ सालचा ठरतो. बोल्ट मागे ओढला की नळीच्या कडेला कोरलेला महिना आणि साल दिसते, ते मात्र ऑक्टोबर १९५३. दस्ता तिसऱ्याच कुठल्या रायफलीवरून आलेला. युद्धानंतर सरकारी कारखान्यांत या रायफली शेकड्यांनी खोलल्या गेल्या, भाग ढिगांत पडले, तपासले गेले आणि जो हाताला येईल तो पुन्हा बसवला गेला. सगळे भाग एकमेकांत चालतील इतक्या काटेकोर मापाने केलेले होते, हीच त्या कारखान्याची थोरवी. पण त्यामुळे 'ही रायफल नॉर्मंडीला उतरली असेल का' हा प्रत्येक पाहुण्याचा प्रश्न निरर्थक होतो. कोणती? सांगाडा, नळी, की लाकूड?

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. कोणी, कोणाला, कोणत्या दिवशी दिले ते पितळेवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले असते. या वस्तूवर केवळ आकडे आहेत. दस्त्याच्या आतल्या बाजूला कोणीतरी टोकदार वस्तूने दोन उभ्या रेघा ओढल्या आहेत. त्या पाहून आमच्याकडे आलेले एक मित्र एकदम गंभीर झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दोघे असतील." मला वाटते रॅकमधल्या जागेचा क्रमांक असेल.

नळीवरची तारीख मला अधिक बोलकी वाटते. ऑक्टोबर १९५३ म्हणजे कोरियातली शस्त्रसंधी होऊन तीन महिने झालेले. याच प्रकारच्या रायफलीने ते युद्ध लढले गेले होते, आणि नेमक्या त्याच महिन्यात कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. थोरात भारतीय कस्टोडियन फोर्स घेऊन कोरियाच्या निर्लष्करी पट्ट्यात होते. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे २२ हजार चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांची राखण त्यांच्याकडे होती. एकीकडे पुढच्या लढाईसाठी नळ्या तयार होत होत्या आणि दुसरीकडे आपली माणसे काटेरी तारेपाशी उभी राहून झाल्या लढाईचा पसारा आवरत होती.

ज्याचे नाव या रायफलीला मिळाले तो जॉन गॅरंड जन्माने कॅनडाचा, क्वेबेक प्रांतातला, फ्रेंच बोलणाऱ्या घरातला. १९१९ साली तो स्प्रिंगफील्डला कामाला लागला आणि १९२० साली नागरिक झाला. पुढची जवळपास सोळा वर्षे एकाच यंत्रामागे गेली. मधेच, १९३२ साली, सैन्यप्रमुख मॅकआर्थर यांनी काडतूस जुनेच राहील असा हुकूम काढला, आणि लहान काडतुसासाठी चाललेले काम बाजूला ठेवून मोठ्या काडतुसाची आवृत्ती पुढे न्यावी लागली. पेटंटचे हक्क त्याने सरकारला देऊन टाकले. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असे विधेयक संसदेत आले, ते मंजूर झाले नाही. ५४ लाख रायफलींमागे त्याला रॉयल्टीचा एक सेंटही मिळाला नाही आणि तो पगारावरच निवृत्त झाला. परदेशातून येऊन इथल्या कारखान्यात इमानेइतबारे नोकरी केलेल्या या माणसाबद्दल मला आपुलकी वाटते, हे मी लपवत नाही; निम्मी रायफल मी बहुधा त्याच्यासाठीच घेतली.

उरलेल्या निम्मीचे कारण साताऱ्याला आहे. कॉलेजात एनसीसीत असताना आम्ही .२२ च्या रायफलने २५ यार्डांवर पाच गोळ्या झाडत असू. वर्षाकाठी तेवढ्याच मिळायच्या, म्हणून प्रत्येक गोळी अक्षरशः मोजून झाडली जायची. गोळी सुटली की बोल्टची मूठ वर, मागे, पुंगळी बाहेर, पुन्हा पुढे, खाली. आमचे उस्ताद हरियाणाचे होते आणि त्यांना घाई खपत नसे. कवायतीसाठी .३०३ ची जुनी ब्रिटिश रायफल होती, ती बिनगोळीची. पण तिच्या दस्त्याच्या पितळी झाकणाआड तेलाची छोटी बाटली आणि पुल-थ्रूची दोरी असायची, तिला चिंदी लावून नळीतून ओढायची. पंचवीस वर्षांनी गॅरंडच्या दस्त्याचे झाकण उघडले तेव्हा त्यात तसाच संसार करायची जागा दिसली आणि मला उगाचच घरी आल्यासारखे वाटले.

तीच .३०३ घेऊन माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ इटलीत होते. नामदेव जाधवांना ज्या पलटणीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्या पहिल्या मराठा पलटणीतले ते शिपाई. १९४४ च्या डिसेंबरात आठव्या हिंदी डिव्हिजनमधले सैनिक अमेरिकनांच्या मदतीसाठी सेरकिओ नदीच्या खोऱ्यात नेले गेले, तेव्हा तात्याआजोबांनी ही रायफल जवळून पाहिली. ते फार बोलत नसत. मी एनसीसीतून आल्यावर मोठ्या उत्साहाने त्यांना विचारले होते, की ती आपोआप भरणारी बंदूक आपल्यालाही मिळाली असती तर किती बरे झाले असते. ओट्यावर बसून सुपारी कातरत ते म्हणाले, "मिळाली असती तर बरंच की. पण बोल्ट ओढायला जेवढा वेळ जातो ना, तेवढ्यात समोरचा हात वर करतोय का ते दिसतं."

हे वाक्य मी पुष्कळ वर्षे जपले आणि तितकेच तपासले. ते संपूर्ण खरे नाही. .३०३ चा बोल्ट अत्यंत चपळ होता आणि कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढत असे. तेवढ्या वेगात कोणाचे हात पाहणार? शिवाय ज्याच्यावर समोरून गोळ्या येत आहेत त्याला उसंत नको असते, ती शत्रूकडे असावी असे वाटते, आणि गॅरंडमुळे जिवंत घरी आलेल्या माणसांची संख्या लहान नसेल. तरीही म्हाताऱ्याने नेमके बोट कशावर ठेवले ते मला ही रायफल स्वतः झाडेपर्यंत कळले नव्हते.

आमच्या क्लबच्या रेंजवर २०० यार्डांवर कागद लावलेले असतात. दहा गुणांचे वर्तुळ सात इंचांचे, म्हणजे एखाद्या फुलक्याएवढे. पोटावर पालथे पडायचे, पट्टा दंडाला आवळायचा, गाल लाकडाला टेकवायचा. मागची साइट म्हणजे एक बारीक भोक, त्यातून पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, दिसते, आणि माशीच्या डोक्यावर काळा ठिपका. साइटच्या बटणाची एक टिचकी फिरवली, की त्या अंतरावर गोळी साधारण दोन इंच सरकते. आठ काडतुसे पोलादी पत्र्याच्या एका क्लिपमध्ये बसवलेली असतात. ती अख्खी क्लिप वरून अंगठ्याने आत दाबायची, खट आवाज झाला की अंगठा काढून घ्यायचा, बोल्ट पहिले काडतूस घेऊन बंद होतो. मग चाप. दणका खांद्याला बसतो, माशी वर उडते, आणि ती परत काळ्या ठिपक्यावर येऊन बसते तोवर पुढचे काडतूस आत गेलेले असते. नळीच्या टोकाजवळच्या बारीक छिद्रातून थोडा वायू खाली येतो, तो एका लांब दांड्याला मागे ढकलतो, दांडा बोल्टला फिरवून उघडतो, पुंगळी बाहेर फेकली जाते. हे सारे मला पुस्तकातून माहीत होते. माहीत नव्हते ते हे, की माझा गाल जागचा हललेला नाही, हात मुठीवरच आहे, डोळा भोकातच आहे, आणि मला काहीही करायचे उरलेले नाही. जे उरले ते फक्त बोटाचे टोक.

अर्धस्वयंचलित या शब्दातले 'अर्ध' मला तेव्हापासून फसवे वाटते. प्रत्येक गोळीला चाप नव्याने ओढावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. पण माणसाकडून काढून घेतले ते काम साधे नव्हते. बोल्ट ओढताना शरीर जागचे हलते, मोडलेली ठेवण पुन्हा जुळवावी लागते, आणि जुळवताना माणूस नव्याने ठरवतो. पहिल्या दिवशी मी आठही गोळ्या किती वेळात झाडल्या ते मला सांगता आले नाही. शेजारी बसलेले, व्हिएतनामला जाऊन आलेले क्लबमधले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "अकरा सेकंद. तुला काय वाटलं?" मला काहीच वाटले नव्हते, आणि तेच मला दिवसभर टोचत राहिले.

आठवी गोळी संपली की रिकामी क्लिप 'टिंग' करून वर उडते. या आवाजावर लोकांचे फार प्रेम आहे. तो ऐकून शत्रूला शिपायाची बंदूक रिकामी झाल्याचे कळे आणि तो चालून येई, ही कथा मला आजवर किमान वीस जणांनी सांगितली आहे. कानांवर संरक्षक लावून, दोन्ही बाजूंना इतर रायफली चालू असताना मला माझ्याच क्लिपचा आवाज धड ऐकू येत नाही; तोफांच्या गदारोळात तो शंभर यार्डांवरून ऐकणारा आणि शिपाई एकटाच आहे अशी खात्री बाळगणारा शत्रू मला तरी पटत नाही.

आता जी गोष्ट टाळून हा लेख लिहिता आला असता ती. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत एका तरुणाने अर्धस्वयंचलित रायफलने वीस मुलांना आणि सहा मोठ्यांना मारले. माझी मुलगी तेव्हा बालवर्गात होती. पुढच्या वर्षांत तिने आगीच्या कवायतीसारखीच लॉकडाउनची कवायत शिकली. दिवे मालवायचे, दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसायचे, आवाज करायचा नाही. सँडी हूकनंतर दीड वर्षाने मी गॅरंड घरी आणली. पत्नीने एवढेच विचारले, "ही वेगळी आहे, असं तू मला सांगणार आहेस का?"

सांगणारच होतो. माझ्याकडे उत्तर तयार होते: ही अवजड, लाकडी, आठच गोळ्यांची, सुटी मॅगझीन न लागणारी, इतिहासातली वस्तू आहे. यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे. पण चाप ओढल्यावर आत जे घडते ते मूलतः तेच आहे, आणि सामान्य शिपायाच्या हाती ते प्रथम मोठ्या संख्येने देणारी वस्तू हीच. अक्रोडाचे लाकूड आणि स्प्रिंगफील्डचे नाव पुढे करून या नात्यातून सुटता येत नाही. माझ्या ओळखीचे अनेक सज्जन संग्राहक हे नाते मानत नाहीत. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही, पण मी स्वतः ते मानल्याशिवाय ती रायफल हातात घेऊ शकत नाही. भारतात असतो तर हा प्रश्नच उद्भवला नसता, कारण तिथे सामान्य माणसाला सैन्याची अशी रायफल बाळगता येत नाही, आणि तो नियम मला चुकीचा वाटत नाही. मग ती का ठेवली आहे, असे विचारणाऱ्याला मी गॅरंड आणि सातारा सांगतो. ते कारण आहे. समर्थन म्हणून ते अपुरे पडते, याची मला कल्पना आहे.

रायफल पोलादी कपाटात असते. चापाच्या भोवतीची पट्टी ओढून उघडली, की गॅरंडचे सहज तीन भाग होतात: लाकूड, नळी-सांगाडा आणि चापाचा जुडगा. तो जुडगा मी दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलुपात ठेवतो, काडतुसे तिसऱ्या ठिकाणी. वर्षातून दोनदा दस्त्याला जवसाचे तेल लावतो. तळहातावर चार थेंब घ्यायचे आणि लाकूड गरम लागेपर्यंत चोळत राहायचे. त्या वासाने मला दरवेळी रायफल सोडून क्रिकेटची बॅट आठवते, कारण लहानपणी नव्या बॅटला आम्ही हेच अळशीचे तेल पाजत असू. हलणाऱ्या भागांना तेल नव्हे, ग्रीस लागते. नळी मागून साफ करता येत नाही, सळई तोंडाकडूनच घालावी लागते, आणि ती काठाला घासू नये म्हणून पितळी टोपण लावावे लागते. चिंदी पहिल्यांदा काळी, मग राखाडी, मग पिवळसर निघते. ती पांढरी निघेपर्यंत तास जातो. खरे सांगायचे तर रायफल झाडण्यापेक्षा मला हा तास अधिक आवडू लागला आहे.

स्पर्धेत वेगाचा एक टप्पा असतो, ८० सेकंदांत दहा गोळ्या: आधी दोन गोळ्यांची क्लिप, मग आठची. तेवढ्यापुरती मी ती तिच्या मूळ स्वभावाने चालवतो. एरवी क्लिप लावतच नाही. एकच काडतूस हाताने नळीच्या मागच्या टोकाशी ठेवतो, पट्टी दाबून, तळहाताची कड मुठीला लावून (नख आठवते) बोल्ट सोडतो, आणि एक गोळी झाडतो. क्लिप नसल्यामुळे बोल्ट मागे जाऊन उघडाच राहतो. ते व्हिएतनामवाले गृहस्थ याची नेहमी चेष्टा करतात. म्हणतात, "गॅरंडने सोळा वर्षं घालवली आणि तू तिची पुन्हा १९०३ ची, हाताने बोल्ट ओढायची स्प्रिंगफील्ड करून ठेवलीस."

या वसंतात मुलगी पहिल्यांदा माझ्याबरोबर रेंजवर आली. ती अठराची झाली आहे आणि ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल. मी कधी आग्रह केला नव्हता, तिनेच सकाळी गाडीची किल्ली घेताना म्हटले, "बाबा, मी येऊ? बघायचंय एकदा." येताना गाडीत ती फारशी बोलली नाही. मी तिला पालथे पडायला, पट्टा आवळायला, भोकातून माशी पाहायला शिकवले. काडतूस मात्र मीच ठेवले आणि बोल्टही मीच सोडला. तिने बराच वेळ घेतला, इतका की मला वाटले ती उठणार. मग आवाज झाला. पुंगळी माझ्या बुटाशी येऊन पडली आणि बोल्ट उघडा राहिला, आतून धुराची एक बारीक रेघ वर आली. तिचा गाल अजून लाकडालाच होता.

"आता?"

"आता काही नाही. डोकं वर कर आणि कुठे लागली ते बघ."